टेनिसची मुळाक्षरे

(औसा येथे पालक, शिक्षक आणि विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दरूप)



औशाचे नाव उच्चारताच भुईकोट किल्ला आठवतो, नाथ संस्थानाची वारकरी परंपरा आठवते, तालुक्यातील खरोशाची लेणी आठवतात. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आणि किल्लारी हे नाव तर या तालुक्यातील कोणत्याही घराला विसरता येणार नाही. मात्र औसा म्हटल्यावर टेनिस कोणालाच आठवत नाही आणि त्यात आश्चर्य वाटण्याचे कारणही नाही. कुस्ती, कबड्डी, खो-खो या आपल्या मातीतल्या खेळांची नावे इथे घरोघरी ठाऊक आहेत. क्रिकेटला तर कोणाच्या परिचयाची गरजच उरलेली नाही. टेनिस मात्र आजही दूरचित्रवाणीच्या पडद्यावर, विंबल्डनच्या हिरवळीवर आणि पांढऱ्या कपड्यांत दिसणारा परका खेळ वाटतो.

हा परकेपणा खरा किती आणि मानलेला किती, याचा विचार व्हायला हवा. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, बारा वर्षांच्या मुलाने, पंधरा वर्षांच्या मुलीने किंवा पंचेचाळिशीतल्या शिक्षकाने अगदी शून्यापासून एखादा खेळ शिकायला घेतला, तर त्यातून त्याच्या हाती काय लागते? स्पर्धा, पदके, नोकरीतील आरक्षण हे सारे पुढचे विषय आहेत. आज विचार करायचा आहे तो आरंभाचा.

साहेबाचा खेळ आणि संस्कृत कवयित्री

आजचे लॉन टेनिस फारसे जुने नाही. मेजर वॉल्टर विंगफील्ड या इंग्रज अधिकाऱ्याने १८७४ मध्ये या खेळाचे स्वामित्वहक्क घेतले आणि १८७७ मध्ये पहिली विंबल्डन स्पर्धा झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत छावण्या आणि जिमखान्यांच्या मार्गाने हा खेळ हिंदुस्थानात आला. तो साहेबाचा खेळ होता, हे खरे. परंतु हिंदी माणसाने तो केवळ कुंपणाबाहेर उभे राहून पाहिला नाही. अखिल भारतीय लॉन टेनिस संघटना १९२० मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी डेव्हिस चषकाच्या पदार्पणात भारतीय संघाने फ्रान्सला फ्रान्सच्याच भूमीवर हरवले. पुण्यात १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने एका बाजूला खो-खोसारख्या देशी खेळांना नियमांची शिस्त लावण्यात पुढाकार घेतला, तर दुसऱ्या बाजूला टेनिसची कोर्टेही जोपासली. देशी आणि विदेशी खेळांत भांडण लावण्याची गरज त्या पिढीला भासली नाही. जे उपयुक्त आहे ते घ्यावे आणि आपल्या शिस्तीने घ्यावे, ही त्यांची दृष्टी होती.

या संदर्भात पंडिता क्षमा राव यांचे नाव आवर्जून सांगायला हवे. त्यांचा जन्म १८९० चा. त्यांचे वडील शंकर पांडुरंग पंडित हे वेदविद्येचे थोर अभ्यासक होते. सायणभाष्यासह अथर्ववेदाचे संपादन त्यांनी केले आणि तुकोबांच्या गाथेच्या चिकित्सक आवृत्तीच्या संपादनातही त्यांचा वाटा होता. क्षमाबाई अगदी लहान असतानाच पितृछत्र हरपले. पुढे याच कन्येने संस्कृतात सत्याग्रहगीता रचली, तुकाराम, रामदास आणि ज्ञानेश्वर यांची चरित्रे संस्कृत पद्यात लिहिली. आणि याच क्षमाबाई उत्तम टेनिस खेळत असत. त्यांची कन्या लीला राव हिने १९३४ मध्ये विंबल्डनमध्ये सामना जिंकला. तेथे सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. भारतीय नृत्यशास्त्रावरील ग्रंथलेखनही याच लीलाबाईंच्या हातून पुढे झाले. एकाच घरात अथर्ववेद, तुकोबांची गाथा, संस्कृत काव्य, नृत्यशास्त्र आणि टेनिसची रॅकेट गुण्यागोविंदाने नांदली. विद्या आणि खेळ यांत एकाचीच निवड करावी लागते, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण मनाशी ठेवावे.

महाराष्ट्राची ही परंपरा तिथेच थांबली नाही. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर बॅडमिंटनचे सम्राट म्हणून गाजले. परदेशातील आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धेचे विजेतेपद १९५६ मध्ये मिळवणारे ते पहिले भारतीय. पण कुमारवयात ते टेनिस खेळत होते. कुमारांच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून पराभूत झाल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले. एका खेळात हरलेला मुलगा दुसऱ्या खेळात देशाचा मानबिंदू ठरला. त्यांचे चिरंजीव गौरव यांनी पुन्हा टेनिसची रॅकेट हाती घेतली आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसच्या साथीने दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. अलीकडचे उदाहरण महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेचे. हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाच्या साथीने खेळताना तिने मिश्र दुहेरीचा अंतिम सामना पहिला सेट गमावूनही जिंकला.

ही नावे मोठी आहेत. त्यांच्याकडे पाहून औशातील मुलाने लगेच विंबल्डनची स्वप्ने पाहावीत, असे कोणी म्हणणार नाही. व्यावसायिक टेनिस हा अतिशय खर्चिक मार्ग आहे. वर्षानुवर्षांचे प्रशिक्षण, देशोदेशींचा प्रवास आणि अनिश्चित मिळकत यांचा भार सामान्य मध्यमवर्गीय कुटुंबाला सहज पेलणारा नाही. पालकांपासून ही गोष्ट लपवू नये. परंतु गाणे शिकणारा प्रत्येक मुलगा भीमसेन जोशी होत नाही म्हणून कोणी पेटी विकून टाकत नाही. खेळाचेही तसेच आहे.

लातूर पॅटर्न आणि चुकीचे भय

लातूर जिल्ह्याने महाराष्ट्राला एक शब्द दिला, तो म्हणजे लातूर पॅटर्न. राजर्षी शाहू महाविद्यालयात घडलेल्या या पद्धतीने मराठवाड्यासारख्या मागे ठेवल्या गेलेल्या प्रदेशातील मुलांना गुणवत्ता याद्यांत मानाने बसवले. निजामी राजवटीत शिक्षणाची उपेक्षा सोसलेल्या आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतरच मोकळा श्वास घेतलेल्या भूमीसाठी ही गोष्ट लहान नव्हती. शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, छोट्या व्यापाऱ्याच्या घरातील मुले डॉक्टर आणि अभियंते झाली. या यशाची टिंगल करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तरीही एक गोष्ट पालकांनी शांतपणे पाहिली पाहिजे. पहाटेच्या शिकवणीपासून रात्रीच्या अभ्यासिकेपर्यंत ज्या मुलाचा दिवस बांधलेला आहे, त्याच्या मनात हळूहळू चुकीचे भय घर करते. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. परीक्षा म्हणून ही पद्धत योग्य असेल, पण जीवनाची पद्धत म्हणून ती घातक आहे. चुकलो तर जवळचेही जाईल, म्हणून प्रयत्नच न केलेला बरा, हा धडा सोळाव्या वर्षी मनात रुजला, तर तो चाळिसाव्या वर्षापर्यंत सुटत नाही. अशा मुलाला नवी भाषा शिकायची लाज वाटते, व्यासपीठावर उभे राहायची भीती वाटते, व्यवसायात उडी घेण्याचे धाडस होत नाही.

टेनिसमध्ये नेमके उलटे शिकायला मिळते. या खेळात प्रत्येक गुणाची सुरुवात सर्व्हिसने होते आणि नियमाने प्रत्येक सर्व्हिसला दोन संधी असतात. पहिला चेंडू जाळ्यात गेला तर दुसरा हातात असतो. दोन्ही चुकले तर एक गुण जातो. सामना जात नाही. शिवाय या खेळाला घड्याळ नाही. शेवटचा गुण खेळून होईपर्यंत सामना कोणाचाच नसतो. पुष्कळ मागे पडलेला खेळाडू परत येऊ शकतो, कारण प्रत्येक नव्या गेमची सुरुवात पुन्हा शून्यापासून होते. चुकीची किंमत मोजायची, पण चुकीपाशी थबकायचे नाही, हे व्याख्यान देऊन शिकवता येत नाही. ते अंगात मुरावे लागते आणि त्यासाठी मैदानाइतकी चांगली शाळा नाही.

गंमत अशी की, लातूर पॅटर्नचे जे मर्म आहे तेच खेळाच्या सरावाचेही मर्म आहे. पाठ समजून घ्यायचा, पुन्हा पुन्हा गिरवायचा, चाचणी द्यायची, चूक कोठे झाली ते पाहायचे आणि तेवढेच दुरुस्त करून पुढे जायचे. म्हणजे इथल्या मुलांना सरावाची सवय नव्याने लावावी लागणार नाही. तीच सवय मैदानावर न्यायची आहे.

आरंभ: हात, डोळा आणि पाय

तालमीत नव्याने आलेल्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी लढतीला उभे करत नाही. आधी हौदा खणणे, माती कसणे, जोर-बैठका. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांच्यासारखा मल्ल ज्या जिल्ह्याने दिला, त्या जिल्ह्याला हे सांगायला नको. टेनिसमध्येही तोच क्रम आहे. दूरचित्रवाणीवर पाहिलेला जोरदार फटका पहिल्या दिवशी मारू पाहणारा मुलगा चेंडू कुंपणाबाहेर घालवतो, खांदा दुखवून घेतो आणि पंधरा दिवसांत खेळ सोडतो.

प्रथम रॅकेट. प्रौढांची रॅकेट साधारण साडेअडुसष्ट सेंटिमीटर लांब असते. ती आठ वर्षांच्या मुलाच्या हाती देणे म्हणजे वडिलांची सायकल चालवायला देण्यासारखे आहे. मुलांसाठी एकोणीस ते सव्वीस इंचांपर्यंतच्या रॅकेट मिळतात आणि त्या उंचीनुसार निवडायच्या असतात. नवशिक्याने महागड्या रॅकेटच्या मागे लागू नये. मूठ नीट बसते की नाही, एवढे पाहावे. रॅकेट धरल्यावर बोटांची टोके आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचे एक बोट मावले, तर मूठ योग्य समजावी. बुटांच्या बाबतीत मात्र काटकसर नको. धावण्याचे बूट पुढे पळण्यासाठी बनवलेले असतात. टेनिसमध्ये सतत आडवे पळावे लागते, त्यामुळे अशा बुटांत घोटा मुरगळण्याचा धोका असतो.

दुसरी गोष्ट पकड. उजव्या हाताने खेळणाऱ्याने डाव्या हाताने रॅकेट गळ्याशी धरावी, उजवा तळवा जाळीवर सपाट ठेवावा आणि तो तसाच खाली सरकवत मुठीपर्यंत आणावा. एखाद्याशी हस्तांदोलन करावे तशी ही पकड होते. फोरहँडसाठी नवशिक्याला ती पुरेशी आहे. सर्व्हिससाठी हातोडी धरतात तशी पकड लागते. ती सुरुवातीला अवघड वाटते, पण ती टाळून पुढे गेलेल्याला पुढे सारी घडण मोडून नव्याने शिकावे लागते. मूठ फार आवळू नये. सतत आवळलेली मूठ, फार जड रॅकेट आणि चेंडू शरीराच्या मागे आल्यावर घाईने मारलेला बॅकहँड ही कोपराच्या दुखण्याची नेहमीची कारणे आहेत.

तिसरी गोष्ट डोळा. अमेरिकन प्रशिक्षक टिमोथी गॅल्वे यांनी १९७४ मध्ये टेनिसच्या मानसिक बाजूवर एक पुस्तक लिहिले, ते पुढे खेळाबाहेरच्या जगातही गाजले. त्यांचे निरीक्षण साधे होते. शिकणारा माणूस फटका मारताना मनातल्या मनात स्वतःला सूचना आणि दूषणे देत राहतो, त्यामुळे त्याचे चेंडूकडे लक्षच राहत नाही. त्यावर त्यांनी उपाय सुचवला तोही तितकाच साधा. चेंडू जमिनीवर आपटला की मोठ्याने ‘टप्पा’ म्हणायचे आणि रॅकेटला लागला की ‘फटका’ म्हणायचे. जीभ या दोन शब्दांत गुंतली की मनातली टीका थांबते आणि डोळा आपोआप चेंडूवर स्थिरावतो. जपमाळ ओढणाऱ्या आजीला ही युक्ती कोणी समजावून सांगावी लागणार नाही. चंचल मनाला एक लहानसे काम द्यावे, म्हणजे ते जागेवर बसते, हे आपल्याकडे फार जुने ज्ञान आहे.

चौथी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट पाय. नवशिक्याला वाटते की चूक हातात आहे. बहुतेक वेळा ती पायांत असते. चेंडू शरीराच्या थोडा पुढे आणि कंबरेच्या उंचीवर मारता यावा, यासाठी लहान लहान पावलांनी जागा घ्यावी लागते. समोरचा खेळाडू फटका मारत असतानाच दोन्ही पायांवर एक हलकी उडी घेऊन सावध व्हायचे, ही सवय पहिल्या महिन्यातच लागली पाहिजे. दोरीवरच्या उड्या आणि लंगडी यांनी याची उत्तम तयारी होते. आपल्या अंगणातील खेळ कधी वाया जात नाहीत.

भिंत हाच पहिला सोबती

इथे एक अडचण उभी राहते. तालुक्याच्या गावी टेनिसचे कोर्ट हाताशी असेलच असे नाही. पूर्ण कोर्ट २३.७७ मीटर लांब असते आणि एकेरीसाठी ८.२३ मीटर रुंद. भोवतीची मोकळी जागा वेगळी. मातीचे कोर्ट चांगले ठेवायचे तर नियमित पाणी मारावे लागते. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात टँकरच्या पाण्यावर टेनिसचे मैदान जोपासा, असे सांगणे हा अविचार ठरेल. मग काय, हा खेळ आपल्यासाठी नाहीच असे म्हणायचे?

तसे नाही. प्रत्येक शाळेला एक भिंत असते. त्या भिंतीवर जमिनीपासून तीन फुटांवर चुन्याने आडवी रेघ मारावी. टेनिसचे जाळे मधोमध ०.९१४ मीटर, म्हणजे बरोबर तीन फूट उंच असते. भिंतीपासून पाच-सहा मीटरवर उभे राहावे आणि चेंडू रेघेच्या वर हळुवार मारावा. परत आलेला चेंडू दोन टप्पे पडल्यावर मारला तरी चालेल. पहिल्या आठवड्यात सलग पाच फटके साधले तर पुरे, मग दहा, मग वीस. जुना, दाब कमी झालेला चेंडू यासाठी नव्यापेक्षा चांगला, कारण तो कमी उसळतो. भिंत कधी थकत नाही आणि कधी रागावत नाही. ती कोणाला हसतही नाही. चारचौघांत चुकण्याची लाज वाटणाऱ्या मुलाला आणि उतारवयात नवे काही शिकू पाहणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगला सोबती मिळणार नाही.

दुसरी सोय आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानेच करून ठेवली आहे. मुलांना पूर्ण वेगाचा पिवळा चेंडू आणि पूर्ण कोर्ट देण्यात चूक होते आहे, हे ओळखून महासंघाने नियम बदलला. दहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरायचा नाही, असा नियम २०१२ पासून लागू झाला. त्याऐवजी लाल, नारिंगी आणि हिरव्या खुणेचे चेंडू वापरले जातात. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे पाऊणपट संथ असतो, नारिंगी निम्म्याने आणि हिरवा पाव हिश्शाने. लाल चेंडूसाठी कोर्ट जेमतेम अकरा मीटर लांबीचे लागते. शाळेतील बॅडमिंटनच्या कोर्टाएवढ्या जागेत ते सहज बसते. जाळ्याऐवजी दोन खुर्च्यांना बांधलेली दोरीही चालते. सिमेंटच्या किंवा मुरमाच्या कोरड्या पटांगणावर पाण्याचा थेंबही न वापरता हा खेळ सुरू होऊ शकतो. प्रौढ नवशिक्यांनीही याच चेंडूने सुरुवात करावी, त्यात कमीपणा नाही. बालवाडीत गेल्याशिवाय कोणी पदवीधर होत नाही.

भिंतीशी मैत्री झाली की दोघांनी समोरासमोर यावे. या टप्प्यावर जिंकण्याचा विचार नको. जाळ्यापासून थोड्याच अंतरावर उभे राहून दोघांनी मिळून चेंडू दहा वेळा जिवंत ठेवायचा. समोरच्याला मारता येईल असाच चेंडू द्यायचा. टेनिसचे पहिले यश दोघांचे असते, एकट्याचे नसते. समोरचा चुकला तर आपलाही आकडा तुटतो. स्पर्धेच्या आधी सहकार्य शिकवणारी ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नये.

त्यानंतर सर्व्हिस. टेनिसमधील हा एकच फटका असा आहे की जो पूर्णपणे आपल्या हाती असतो. तिथे समोरच्याच्या चेंडूची वाट पाहावी लागत नाही. तरीही सर्वाधिक नवशिके इथेच अडखळतात आणि त्याचे कारण बहुधा चेंडू वर टाकण्यात असते. म्हणून काही दिवस रॅकेट न फिरवता फक्त चेंडू वर टाकण्याचा सराव करावा. तो न मारता पडू दिला तर पुढच्या पावलाच्या किंचित पुढे पडला पाहिजे. मग जाळ्यापासून ६.४० मीटरवर असलेल्या सर्व्हिसच्या रेघेवरून मारायला सुरुवात करावी आणि जमेल तसे मागे सरकत जावे.

प्रत्यक्ष खेळताना एक सूत्र नवशिक्याला पुरेसे आहे. या पातळीवर बहुसंख्य गुण कोणी जिंकत नाही, ते समोरच्याच्या चुकीने मिळतात. म्हणून चेंडू जाळ्याच्या चांगला वरून आणि तिरपा मारावा. त्यामागे साधी भूमिती आहे. जाळे खांबापाशी १.०७ मीटर आणि मध्यभागी ०.९१४ मीटर असते, म्हणजे तिरप्या फटक्याला ते सुमारे पंधरा सेंटिमीटर ठेंगणे मिळते. शिवाय एकेरी कोर्टाचा कर्ण त्याच्या लांबीपेक्षा जवळजवळ १.४ मीटरने मोठा आहे. म्हणजे चेंडू पडायला जागाही अधिक. आठवी-नववीच्या मुलाला पायथागोरसचा सिद्धांत मैदानावर समजावून सांगण्याची ही उत्तम संधी आहे.

सराव किती करावा? आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सूर्य वर येण्यापूर्वी किंवा मावळतीला. एका आठवड्यात एकच गोष्ट सुधारायला घ्यावी आणि ती वहीत लिहून ठेवावी. सर्व काही एकदम सुधारू पाहणाऱ्याचे काहीच सुधारत नाही.

पालकांनी काय करावे?

रामनाथन कृष्णन यांनी १९५४ मध्ये विंबल्डनची कुमार स्पर्धा जिंकली आणि १९६० व १९६१ मध्ये तेथे पुरुष एकेरीची उपांत्य फेरी गाठली. त्यांचे पहिले गुरू त्यांचे वडील टी. के. रामनाथन. पुढे रामनाथन कृष्णन यांचे पुत्र रमेश यांनीही १९७९ मध्ये तीच कुमार स्पर्धा जिंकली. खेळ घरात रुजतो तेव्हा असा टिकतो. प्रत्येक पालक गुरू होऊ शकत नाही, पण चेंडू टाकून देऊ शकतो, मोजू शकतो, सोबत उभा राहू शकतो. मुलाने चूक केल्यावर रेघेबाहेरून ओरडणारा पालक मात्र खेळाचे आणि मुलाचे दोघांचेही नुकसान करतो.

मुलींविषयी स्वतंत्रपणे बोलले पाहिजे. मुलगी सातवी-आठवीत गेली की तिचे मैदान अनेक घरांत नकळत बंद होते. कोणी स्पष्टपणे नको म्हणत नाही, पण वेळ उरत नाही, सोबत मिळत नाही, लोक काय म्हणतील याचा विचार होतो. ज्या समाजातील एक विदुषी शंभर वर्षांपूर्वी संस्कृत काव्य लिहिता लिहिता टेनिस खेळत होती आणि आपल्या कन्येलाही त्या खेळात पुढे आणत होती, त्या समाजाने आज मुलीला मैदानावरून घरी बोलवावे, हे शोभणारे नाही. शाळेच्या आवारात, शिक्षिकेच्या देखरेखीखाली, भिंतीवरच्या त्या रेघेसमोर मुलींचा वेळ ठरवून दिला, तर पालकांची काळजीही मिटते.

आणि प्रौढांनी वयाचे कारण पुढे करू नये. रोहन बोपण्णाने २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत पुरुष दुहेरीचे विजेतेपद मिळवले तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता. तो जन्मभर खेळलेला व्यावसायिक, हे खरे. पण कबड्डी किंवा कुस्ती ज्या वयात सोडावी लागते, त्यानंतरही पुष्कळ वर्षे दुहेरीचे टेनिस सौम्यपणे खेळता येते. आजोबा आणि नात एकाच कोर्टावर उभे राहू शकतील असे खेळ थोडेच असतात. हृदयविकार, मधुमेह किंवा गुडघ्याचे दुखणे असेल तर वैद्याचा सल्ला घेऊन सुरुवात करावी, इतकेच पथ्य.

पंचाविना न्याय

शेवटी या खेळातील एका नियमाकडे लक्ष वेधायचे आहे. मोठ्या स्पर्धांत पंच असतात, यंत्रे असतात. परंतु जगभरातील बहुतांश टेनिस पंचाविना खेळले जाते. अशा वेळी नियम असा आहे की, आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे आपणच सांगायचे. आणि खात्री नसेल तर तो आतच मानायचा, म्हणजे गुण प्रतिस्पर्ध्याला द्यायचा. संशयाचा फायदा स्वतःला घ्यायचा नाही.

विचार करा, तेरा वर्षांचा मुलगा खेळतो आहे. गुण अटीतटीचा आहे. चेंडू रेघेला लागला की नाही, हे फक्त त्यानेच पाहिले आहे. जवळ कोणी नाही. तो ‘आत’ म्हणतो आणि स्वतःच्या तोंडाने स्वतःचा गुण घालवतो. प्रामाणिकपणावरचे शंभर सुविचार फळ्यावर लिहून जे साधत नाही, ते या एका क्षणात साधते. १९७४ मध्ये भारतीय संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. समोर वर्णद्वेषी राजवटीचा दक्षिण आफ्रिका होता. भारताने खेळण्यास नकार दिला आणि चषक सोडून दिला. राष्ट्र म्हणून केलेला तो त्याग आणि औशाच्या पटांगणावर एखाद्या मुलाने सोडलेला एक गुण, आकाराने फार वेगळे असले तरी जातीने एकच आहेत. जिंकण्याहून मोठे काहीतरी असते, ही जाणीव दोन्हींत आहे.

भूकंपानंतर घरे, गावे आणि मने पुन्हा पायापासून उभी करणाऱ्या या तालुक्याला आरंभाचे भय असण्याचे कारण नाही. येत्या आठवड्यात फार मोठे काही करू नये. कोणत्या तरी एका शाळेने आपल्या एका भिंतीवर तीन फुटांवर एक पांढरी रेघ ओढावी, दोन जुन्या रॅकेट आणि चार चेंडू ठेवावेत आणि संध्याकाळी पाच वाजता फाटक उघडे ठेवावे. पहिला चेंडू रेघेच्या खालीच जाईल. त्याने खचू नये. दुसरा हातात असतोच.